हातगुण आणि एक नसलेली फ्लॉपी

कार्तिक लागला की गावाकडून दादाचा फोन येतो. "रोप टाकायचंय, कवा येतूस?" रोप म्हणजे कांद्याचं. वाफे बांधून तयार असतात, बी आणून ठेवलेलं असतं, पाण्याची पाळी ठरलेली असते. अडलेलं असतं ते फक्त माझ्या हातासाठी. पहिली मूठ मी टाकायची असा आमच्या घरचा रिवाज आहे, कारण माझा हातगुण चांगला. कॉलेजात असताना एकदा मी बी टाकलं, त्या साली कांदा रग्गड निघाला आणि भावही बरा मिळाला. तेव्हापासून माझ्या हाताला हे पद चिकटलं ते चिकटलंच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, असं मी आईला समजावून पाहिलं. आई म्हणाली, "मग बस की येऊन वर्साला एकदा. तुझं काय जातंय?"

गंमत म्हणजे ज्या हाताचं गावात एवढं कौतुक, तो पुण्यात दिवसभर मोडतोड करतो. दुसऱ्यांनी मेहनतीनं लिहिलेले प्रोग्राम पाडून दाखवायचे, याचा मला पगार मिळतो. हे घरी मी कधी नीट सांगितलेलं नाही. सांगितलं तर बी टाकायला दुसरं कुणी शोधतील, ही भीती आहे की आशा, तेही मला कळत नाही.

जातो मी. टाकतो मूठ. पण वाफ्याच्या कडेला उभं राहिलं, की ओल्या मातीचा वास येतो आणि एक जुना हिवाळा डोक्यात शिरतो. लोडशेडिंगची ती वर्षं होती. तो हिवाळा सलग आठवत नाही. उसाच्या रसाचा कंटाळवाणा गोडवा आठवतो, वीज गेली की कोपऱ्यात केविलवाणं ओरडणारा यूपीएस आठवतो, खळ्यात रचलेल्या रोपाच्या जुड्या आठवतात, आणि हौसाआत्याचं एक बोट. ते बोट मी किती वेळा मनात उलटसुलट करून पाहिलं असेल, पण हिशेब काही लागत नाही.

मला त्या पौषात कावीळ झाली होती. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. ऑफिसातल्या साहेबांनी एक कॉम्प्युटर रिक्षात घालून दिला आणि म्हणाले, गावाला जा, पडून राहा, जमेल तसं काम कर. आमचं गाव पाबळच्या अलीकडं, तेव्हा तिथं इंटरनेट नव्हतं. आठवड्यातून एकदा दादाच्या मोटरसायकलवर मागं बसून शिरूरला जायचं, सायबर कॅफेत पेनड्राइव्ह लावायचा, मेल पाठवायची, साहेबांची आलेली वाचायची आणि रसवंतीवर थांबून परत यायचं. डोळे पिवळे, लघवी पिवळी, आणि त्या दिवसांत मला ऊनही जरा जास्तच पिवळं वाटायचं.

घरात कांद्याची लागण चालू होती. सगळे दिवस उजाडायला रानात. माझ्याजवळ बसायला ठेवलेली एकटी हौसाआत्या. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची ती थोरली बहीण, तेव्हा साठीची. तिनं फक्त बसायचं. माझं औषध सकाळीच आई पाजून जायची, रसाचं भांडंही आईच झाकून ठेवायची. आत्यानं काही हालचाल केली की आई दारातून म्हणायची, "वन्सं, तुम्ही बसा निवांत." ऐकणाऱ्याला वाटावं, नणंदेचा किती मान. त्याचा खरा अर्थ घरातलं शेंबडं पोरही जाणून होतं. आत्याच्या हाताला गुण नाही. विरजण, लोणच्याची बरणी, बियाणं आणि आजारी माणूस, या चार गोष्टींना तिनं हात लावायचा नाही.

तिला दौंडकडच्या एका उसाच्या गावात दिली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यांची म्हैस आटली, विहिरीवरची मोटार जळाली आणि आत्याचं मूल पोटातच गेलं. म्हैस तिनं धुतली होती. मोटारीचं बटण तिनं दाबलं होतं. मूल तर तिचंच होतं. सासूनं तिन्हींची बेरीज केली आणि तिला एसटीत बसवून दिलं. त्याआधी आमच्या आजोबांची मेंढरं होती. कालव्याचं पाणी आल्यावर मेंढरं विकली, रान धरलं, ती गोष्ट पुढची. पण त्या काळात बुजरं कोकरू लोकर कातरायला आत्याच्याच हाती द्यायचे, तिच्या हाताखाली ते गप पडून राहायचं, असं आप्पाच सांगायचे. मग हात बिघडला कधी? शिरूरहून दौंडला जाताना मधल्या कुठल्या थांब्यावर? हा प्रश्न मी आप्पांना एकदा विचारला होता. आप्पा म्हणाले, "तवा ल्हान व्हती ती," आणि तंबाखू मळायला लागले.

माझं काम तिला समजावून सांगण्यात माझे पहिले दोन-तीन दिवस गेले. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं ती लांबून, हात पदरात गुंडाळून बघायची.

"ह्येच्या आत कोन हाय?"

"आत दुसरा कॉम्प्युटर आहे, आत्या. खरा नाही, नकली. पण त्याला वाटतंय तो खरा आहे."

"आन् त्येला काय काय हाय?"

"आता मी तपासतोय ते फ्लॉपीचं यंत्र. फ्लॉपी म्हणजे चपटी डबी असते, तिच्यात माहिती ठेवतात."

"कुठाय डबी?"

"डबी नाही. यंत्रही नाही. आहे असं आपण त्याला सांगितलंय."

आत्यानं पदरातल्या पदरात बोटं मोजली. "यंत्र न्हाई, डबी न्हाई, आतला बाबा बी खरा न्हाई. मंग तू मोडतूस काय?"

पुस्तकातलं उत्तर पाठ होतं. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अशी पाच-पन्नास नकली मशीन ठेवून ती वेगवेगळ्या लोकांना वापरायला द्यायची, असा धंदा तेव्हा नुकता येऊ घातला होता. आतल्या एकानं त्या नकली फ्लॉपीच्या फटीतून बाहेर डोकं काढलं, तर बाकी सगळ्यांचं वाटोळं. म्हणून त्या यंत्राला मुद्दाम अद्वातद्वा, अर्थ नसलेल्या आज्ञा द्यायच्या, लाखांनी द्यायच्या, आणि ते कुठं कोलमडतं ते बघायचं. या कामाला फझिंग म्हणतात. अर्थ नसलेल्या आज्ञा तयार करणारा प्रोग्राम मी लिहिला होता. तो दिवसभर बरळायचा, यंत्र काही पडायचं नाही. साहेबांनी मेलमध्ये लिहिलं, तुझा प्रोग्राम वेडाचं सोंग घेतोय, शेवटी डोकं तुझंच. ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाला बटणं दाबायला सांग.

असं माणूस माझ्यासमोरच बसलेलं होतं.

मी छोटी सोय केली. एक बटण दाबलं की एक अक्षर त्या नकली ड्राइव्हकडं, म्हणजे फ्लॉपीच्या यंत्राकडं जाईल, आणि दाबलेलं प्रत्येक अक्षर एका फाइलीत नोंदलं जाईल. आत्याला म्हणालो, ये, बस इथं. ती भिंतीला टेकून मागं सरकली. "माझा हात नगं. सायबाचं हाय ते." मी म्हणालो, "आत्या, इथं मोडायचंच काम आहे. मोडलं तर साहेब खूश होतील." तिला वाटलं मी थट्टा करतोय. मी खरंच सांगतोय हे पटवायला आणखी एक दिवस गेला. मग ती खुर्चीच्या कडेवर बसली, चार बोटं मुठीत दुमडली आणि पाचवं, तर्जनीचं, पुढं केलं. बोट बटणाच्या वर आणायची. थांबायची. दाराकडं बघायची. मग दाबायची. एका अक्षराला एवढं प्रकरण. मला हसू येत होतं, पण तिचा चेहरा बघून मी हसलो नाही.

अर्ध्या तासात पडद्यावरचं सगळं थिजलं, आणि नकली कॉम्प्युटर मेल्याची एका ओळीची सूचना आली. लाख-लाख आज्ञांनी जे झालं नव्हतं ते आत्याच्या तीस-चाळीस बटणांनी झालं. मी खाटेवरून उठून उभा राहिलो. आत्याही उभी होती, भिंतीशी, दोन्ही हात पाठीमागं धरून.

"मोडलं न्हवं?"

"मोडलं, आत्या. मस्त मोडलं."

"म्हनलं व्हतं मी," ती म्हणाली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मी आनंदात होतो. तिचा आवाज कसा होता ते माझ्या लक्षात आलं नाही, आता येतं.

फाइल होती माझ्याकडं. तीच अक्षरं, त्याच क्रमानं, मी प्रोग्रामकडून परत द्यायला लावली. काही झालं नाही. पुन्हा दिली. काही नाही. मग कागदावर उतरवून स्वतःच्या हातानं टाइप केली, टकटक टकटक. यंत्र ढिम्म. शेवटी आत्याला ओट्यावरून आणलं, कागद समोर धरला. अक्षरओळख नव्हती तिला, म्हणून मी एकेक बटण दाखवत गेलो आणि ती दाबत गेली. पडलं. परत बसवली. परत पडलं. तिसऱ्यांदाही पडलं. मधून मी दाबली की काही नाही. तेवढ्यात आप्पा रानातून जुड्या न्यायला आले होते, ते दारात उभे राहून बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "तिला उठीव तिथनं. लोकाचं यंत्र हाय." आत्या उठलीच होती.

त्या दिवशी संध्याकाळी आत्यानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं केला. मी घेतला. पण घ्यायच्या आधी मी थांबलो. फार नाही, एखादा श्वास. इंजिनिअरिंगची चार वर्षं, अंधश्रद्धेवरच्या वक्तृत्वस्पर्धेतलं बक्षीस, सगळं त्या एका श्वासात कुठं जाऊन बसलं होतं, मला खरंच सांगता येत नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच भीतीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सगळे रानात गेल्यावर आत्या माझ्या उशापाशी येऊन बसली. म्हणाली, "तू शिकल्याला हायेस. मला येक सांग. माझ्या हातात काय हाय का न्हाई? गावानं सांगितलं, सासूनं सांगितलं, त्ये येक ऱ्हाऊ दे. तुझं यंत्र काय सांगतंय त्ये बघ. हाय म्हनलास तरी चालंल मला. पन नक्की सांग."

मी म्हणालो, बघतो. चाळीस वर्षांत तिला तपासून बघतो म्हणणारा कदाचित मीच पहिला असेन, म्हणून तो शब्द मला एकदम जड वाटला.

मग मी कामाला लागलो, आणि जितका लागलो तितका गोंधळत गेलो. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल म्हणून वेळा लिहून ठेवल्या. त्यात काही सापडलं नाही. मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली, तेव्हा सगळ्या दुखण्यांवर तोच इलाज होता. तोही चालला नाही. साहेबांची मेल आली, पुन्हा घडवून दाखव, नाही तर तो दोष आपण धरू शकत नाही. पुन्हा घडत तर होतं, पण फक्त एका बाईच्या हातून, आणि आत्याला पाकिटात घालून पुण्याला पाठवता येत नव्हतं. मधल्या काळात आत्या रोज सकाळी माझ्याकडं बघायची. मी मान हलवायचो, अजून नाही. ती परत ओट्यावर. एकदा तर वाटलं, द्यावं सांगून की काही नाही तुझ्या हातात. पण तिनं नक्की सांग म्हटलं होतं, आणि मला नक्की माहीत नव्हतं.

एका दुपारी मी स्वतःच कागदावरची अक्षरं दाबत बसलो होतो, कितव्यांदा ते मोजणं सोडलं होतं. निम्मी झाली असतील, तेवढ्यात आत्या ओट्यावरून ओरडली, "मेंढरं शिरली रं लागनीत." शेजारच्या मोकळ्या रानात खतासाठी एकाचा कळप बसवला होता, त्यातली दहा-बारा आमच्या नव्या कांद्यात घुसली होती. मी तसाच उठून लटपटत्या पायांनी गेलो. आत्या माझ्याआधी पोचली होती आणि तोंडानं कसलातरी बारीक आवाज काढत मेंढरं वळवत होती. मी नुसता बांधावर दम खात उभा राहिलो. परत आलो तो पाव तास झाला असेल. खुर्चीत बसलो, उरलेली अक्षरं दाबायला घेतली, आणि तिसऱ्या की चौथ्या बटणाला यंत्र पडलं. माझ्या हातून.

मी आपल्या बोटांकडं बघितलं, मग घड्याळाकडं. मग हळूहळू उजेड पडला. मी कोणतं बटण दाबलं ते नोंदत होतो, दोन बटणांच्या मध्ये किती वेळ गेला ते नोंदत नव्हतो. अर्धी आज्ञा देऊन थांबलं, की त्या नकली ड्राइव्हची मोटर थोड्या वेळानं आपोआप बंद व्हायची. बंद होताना ती अर्धी आज्ञा विसरायची, पण किती अक्षरं येऊन गेली तो आकडा विसरायची नाही. पुढची अक्षरं मग भलत्याच जागी जाऊन पडायची. माझा प्रोग्राम कधीच थांबत नव्हता. मीही थांबत नव्हतो. थांबत होती ती आत्या.

मी ओट्यावर जाऊन तिला सांगितलं. जमेल तसं, मोटर, आज्ञा, आकडा. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी खोट यंत्रातच व्हती?"

"आधीपासून होती. तुझा हात लागायच्या आधीपासून."

"आन् माझ्या हातात?"

"हातात काही नाही. तू मध्ये थांबतेस ना, म्हणून ती सापडली. एवढी का थांबतेस गं तू?"

आत्या सहज म्हणाली, "कुनी नगं म्हनतंय का बगती. कुनी न्हाई म्हनलं की मग लावती हात."

ती उठली, चुलीपाशी गेली, झाकलेलं रसाचं भांडं उघडलं, पेला भरून आणला आणि माझ्या हातात दिला. माझी कावीळ उतरायला लागली होती, की रसच त्या दिवशी वेगळा होता, कोण जाणे. मी सगळा प्यायलो.

खरं म्हणजे हे इथं संपायला हवं होतं. तसं ते संपलं नाही. साहेबांना दोष आवडला. कसा सापडला, असं त्यांनी विचारलं, तर मी दोन शब्दांत लिहून दिलं, हातानं तपासताना. कुणाच्या हातानं ते लिहिलं नाही. वेळ नव्हता, सायबर कॅफेतला तास संपत आला होता, अशी कारणं मी नंतर स्वतःला दिली. पुढच्या कार्तिकात रोप टाकायच्या वेळी मी घरात सगळं समजावून सांगितलं आणि म्हणालो, या वर्षी पहिली मूठ आत्या टाकू दे. पालथ्या घड्यावर पाणी. आई म्हणाली, "मशिनीचं आसंल तसं," आणि बियाणाचं सूप माझ्यापुढं धरलं. मी आत्याकडं पाहिलं. तिनं मानेनंच टाक म्हटलं. मी टाकली. तेव्हा मला घरच्यांचा फार राग आला होता, आणि माझ्या घरात मी एकटा शहाणा आहे याचं थोडं बरंही वाटलं होतं.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. कांदा कधी चांगला येतो, कधी सडतो, माझा हातगुण मात्र गावात टिकून आहे. मला तिच्याबद्दल घरच्यांना दोष देता येत नाही, याचं कारण त्या कार्तिकापाठोपाठच्या माघातलं आहे.

आदल्या चैत्रात माझं लग्न झालं होतं, आणि आता मुलगी झाली होती मला. चौथ्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. नवजात बाळांना होते तशी कावीळ, घाबरायचं कारण नाही, कोवळ्या उन्हात धरा, असं शिरूरच्या डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. मी ओट्यावर तिला उन्हात घेऊन बसलो होतो. बायको आत होती, आई रानात. आजूबाजूला दुसरं कुणीच नव्हतं. आत्या आली, समोर बसली. हात पदराला पुसले, एकदा नाही, दोनदा. मग दोन्ही हात पुढं केले आणि बाळाच्या वितभर अलीकडं आणून थांबली. माझ्याकडं बघत होती.

नको म्हणायला तिथं फक्त मी होतो. तोंडातून शब्द कसा निघाला मला कळलंच नाही.

"झोपलीय गं ती," मी म्हणालो.

"बरं," आत्या म्हणाली आणि हात मागं घेतले.

मुलगी जागी होती. टक्क डोळे उघडून आत्याकडंच बघत होती.